ऑलिव्ह दुसऱ्या रांगेत

९ जानेवारी, सोमवार

गाडी आली. छोटी, शहरापुरती. यंदाचं सुधारित मॉडेल. पुढचे दिवे नवे, आतला पडदा मोठा आणि तीन सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. एका लिटरमध्ये ते एवढं पळतं की माहितीपत्रक वाचतानाच मला भरून आलं होतं. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होतं. हँडब्रेकची दांडी गेली, तिच्या जागी बटण आलं. गाडी बंद केली की ब्रेक आपोआप लागतो. विकणारा म्हणाला, मॅडम, विसरतो तो माणूस, ही गाडी विसरत नाही. वाक्य आवडलं.

आई म्हणाली, छान आहे, आपल्या धुण्याच्या मशीनएवढी. बाबांनी बॉनेट उघडून विचारलं, चौथा सिलिंडर कुठे गेला? बाबा मंडईत पेट्या उतरवतात. जास्त म्हणजे चांगलं, एवढंच त्यांना ठाऊक. मी शांतपणे समजावलं. घरात पहिली पदवीधर असलं की हे करावंच लागतं.

रंग पत्रकात 'भूमध्य हिरवा'. समोरच्या पहिल्या मजल्यावरच्या कोंचीकाकू बाल्कनीतून ओरडल्या, अगं आम्पारो, ऑलिव्ह आणलंस? बी काढून आणलंस की बीसकट? संध्याकाळपर्यंत सगळी गल्ली गाडीला ऑलिव्ह म्हणू लागली. ही आमची गल्ली.

ऑफिस पलीकडच्या टेकडीवर. दोन बस बदलाव्या लागायच्या. आता उशीर हा शब्दच संपला. ३१ मार्चला माझी उमेदवारी संपते. त्या दिवशी आमच्या प्रमुख विएगासबाई ठरवणार, नोकरी पक्की की नारळ. पक्कीच.

१० जानेवारी, मंगळवार

गाडी नेमून दिलेल्या जागेत, पदपथाला लागून, पहिल्या रांगेत लावली होती. सकाळी बाहेर कुणीतरी दुसऱ्या रांगेत व्हॅन लावलेली. अर्थात हँडब्रेक सोडून, न्यूट्रलमध्ये.

ही आमच्या सेव्हिल शहराची थोर संस्कृती. जागा नसली की दुसऱ्याच्या गाडीला गाडी चिकटवायची आणि ब्रेक सोडून निघून जायचं. आतल्याला बाहेर पडायचं असेल तर त्याने व्हॅन हाताने ढकलावी. दिवसभर गल्लीतल्या गाड्या अशा मागेपुढे सरकत असतात, जपमाळेच्या मण्यांसारख्या. माणसं हे कौतुकाने सांगतात. मी पदवीच्या शेवटच्या वर्षी यावर प्रबंध लिहिला. निष्कर्ष: रानटी.

कोंचीकाकू वरून म्हणाल्या, ढकल जिवा, हलकी आहे ती, बोटाने जाते. मी ढकलली नाही. माझा हात लागला की त्या प्रथेला माझी मान्यता मिळाली. गाडीत बसून हॉर्न वाजवला. बराच वेळ वाजवला. व्हॅनवाला रोसेन्दो अंगावर टॉवेल घेऊन खाली आला आणि एका हाताने व्हॅन सरकवून परत गेला. जाताना माझ्याकडे पाहिलं, नळातून गढूळ पाणी आल्यावर पाहतात तसं. तो प्लंबरच आहे.

ऑफिसला उशीर. विएगासबाईंना सांगितलं, ट्रॅफिक. त्या म्हणाल्या, आपण ट्रॅफिकचाच सल्ला देतो, आम्पारो. हसल्या नाहीत.

१७ जानेवारी, मंगळवार

पुन्हा व्हॅन. बाबांना उठवलं. त्यांनी ढकलली. तत्त्व माझं आहे, बाबांचं नाही, त्यामुळे यात विसंगती नाही. वेळेवर पोहोचले.

बाबांचा गुडघा संध्याकाळी सुजला. जुनं दुखणं आहे, तरुणपणी ते ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्याच्या मिरवणुकीत मूर्तीची पालखी वाहायचे. म्हणजे मूळ दोष धर्माचा.

१९ जानेवारी, गुरुवार

सूचना छापल्या. वाहतूक कायद्याचं कलम, खाली सौम्य शब्दांत आवाहन, खाली माझं नाव आणि पदवी. दुसऱ्या रांगेतल्या प्रत्येक गाडीच्या काचेवर एक. आज पाऊल पडलं.

२० जानेवारी, शुक्रवार

सूचनांना प्रतिसाद उत्तम. बऱ्याच जणांनी वाचल्या. एकाने मागच्या बाजूला लिहून माझ्या काचेवर परत लावली: बी घशात अडकली. दुसऱ्याने सूचनेच्या कागदात भाजलेले चेस्टनट बांधून खाल्ले आणि सालं माझ्या बॉनेटवर ठेवली. संवाद सुरू झाला आहे.

२ फेब्रुवारी, गुरुवार

सुवार्ता. नगरपालिकेने आमच्या कंपनीला प्रायोगिक काम दिलं: एक गल्ली निवडायची आणि दुसऱ्या रांगेपासून मुक्त करून दाखवायची. विएगासबाईंनी विचारलं, कोणती? माझा हात आधीच वर होता. त्या म्हणाल्या, तुमची स्वतःचीच? लोक ऐकतील तुमचं? मी म्हटलं, मी त्यांच्यातलीच आहे. ३१ मार्चला सादरीकरण, नगरपालिकेचे लोक येणार. त्याच दिवशी माझा निकाल. मोकळ्या गल्लीचा फोटो दाखवायचा आणि पक्क्या नोकरीच्या कागदावर सही घ्यायची. इतकं सोपं.

घरी सांगितलं. आईने टीव्हीच्या वर टांगलेली माझी पदवी पुसली. बाबा म्हणाले, पोरी, ज्या गल्लीत झोपतेस तिच्याशी भांडू नकोस. सुशिक्षित घरांत असा सल्ला कुणी देत नसेल.

९ फेब्रुवारी, गुरुवार

ऑफिसातून आले. पहिली रांग पूर्ण भरलेली. गल्लीला फेऱ्या मारल्या. पुढची गल्ली, चर्चमागची गल्ली, शाळेची गल्ली. इंजिन काटकसरी आहे खरं, पण इतक्या फेऱ्या मारल्या की काटकसरीला अर्थ राहत नाही. पर्यावरणाचा विचार करून गाडी रोसेन्दोच्या व्हॅनला लागून उभी केली. पाचच मिनिटं, सामान वर ठेवेपर्यंत.

नोंद: हे दुसऱ्या रांगेत लावणं नव्हे. माझी गाडी छोटी आहे. तिची दुसरी रांग म्हणजे फार तर दीड रांग.

१० फेब्रुवारी, शुक्रवार

काल वर गेले आणि झोप लागली. दमले होते.

सकाळी आंघोळीत असताना खाली आरडाओरडा. रोसेन्दोला कुणाच्या तरी फुटलेल्या पाइपाकडे जायचं होतं. त्याने ऑलिव्ह ढकलली. हलली नाही. बारवाला फेर्मीन आला, दोघांनी ढकलली. मग ब्रेडवाला, मग शाळेत निघालेले दोन बाप. हलली नाही. गाडी विसरत नाही.

रोसेन्दो वर आला. दार आईने उघडलं. म्हणाला, लोली, तुझ्या मुलीच्या गाडीला मेख मारली आहे का? मी ओल्या केसांनी बाहेर येऊन आधुनिक पार्किंग ब्रेक समजावून सांगितला. तो म्हणाला, म्हणजे तू ब्रेक लावून दुसऱ्या रांगेत ठेवलीस? त्याचा आवाज खाली आला. मी कुणाच्या तोंडावर थुंकले असते तर जसा आला असता, तसा. म्हणाला, दुसऱ्या रांगेत कुणीही लावतं, पण ब्रेक लावून कुणी जात नाही. मी म्हटलं, ब्रेक मी लावत नाही, गाडी लावते. तो म्हणाला, मग गाडीला सांग ही कोणती गल्ली आहे ते.

तिकडे पाइपवाल्या बाईंच्या खालच्या मजल्याचं छत गळलं म्हणे. एक दूरची बाई, तिचं छत, आणि दोष माझा.

११ फेब्रुवारी, शनिवार

गाडीची माहितीपुस्तिका वाचली. ब्रेक सोडून गाडी ठेवता येते. बटण दाबून धरायचं, न्यूट्रल, मग बंद करायची. दार उघडलं की ती बराच वेळ किंचाळते, पण ठेवता येते. पान बघून ठेवलं. करणार नाही. प्रगती ही उलट फिरवायची गोष्ट नव्हे.

२२ फेब्रुवारी, बुधवार

राखेचा बुधवार, ईस्टरआधीचे चाळीस दिवसांचे उपवास आजपासून. आई कपाळावर राख लावून आली. मी उपवासाचा संकल्प केला: चाळीस दिवस गल्लीतल्या कुणाशी वाद घालायचा नाही.

दुपारी कोंचीकाकूंशी वाद. त्या म्हणतात, मी ऑलिव्ह कालसुद्धा दुसऱ्या रांगेत पाहिली. मी म्हटलं, ते थांबणं होतं. त्या म्हणाल्या, हो जिवा, माझा नवराही असाच थांबायचा, बारमध्ये, वीस वर्षं.

६ मार्च, सोमवार

गल्लीने मला वाळीत टाकलं आहे. फेर्मीन कॉफी देतो, पण बशी आदळतो. मी गेले की पलीकडच्या टेबलावर कुणीतरी टाळूला जीभ लावून बी थुंकल्याचा आवाज काढतं. दोनदा उशीर झाला, कारण पहिल्या रांगेत जागा मिळाली की रात्रीतून माझ्या गाडीबाहेर तीन तीन गाड्या लागतात, एकीला एक चिकटून. मुद्दाम असणार. बाबांना आता उठवत नाही, गुडघ्याला पट्टा आहे. आईने ढकलल्या. गल्लीतल्या इमारतींचे जिने पुसून तिचे दंड मजबूत आहेत.

विएगासबाई म्हणाल्या, एकतीस तारखेपर्यंत आणखी एकही उशीर नको. मी म्हटलं, गल्ली जवळजवळ तयार आहे.

२१ मार्च, मंगळवार

समजावण्याचे मार्ग संपले. नगरपालिकेच्या टो विभागाला कंपनीच्या नावाने विनंती केली. गुरुवारी, ३० तारखेला, संध्याकाळी आठ वाजता ट्रक येणार. दुसऱ्या रांगेतलं सगळं उचलणार. मी खिडकीतून मोकळ्या गल्लीचा फोटो काढणार, शुक्रवारी दाखवणार. कुणालाही सांगायचं नाही. आईलाही नाही.

मन हलकं झालं. सुधारकाला थोडं क्रूर व्हावं लागतं. शस्त्रक्रियेसारखं आहे हे. रोग्याला नंतर कळतं.

३० मार्च, गुरुवार, संध्याकाळी सव्वासात

सगळं तयार. कॅमेरा चार्ज केला. सादरीकरणात फोटोसाठी रिकामी चौकट ठेवली आहे.

ऑलिव्ह दुसऱ्या रांगेत आहे, पहिलीत जागा नव्हती. ट्रक येण्यापूर्वी हलवीन. घाई नाही. या शहरात आठ म्हणजे साडेआठ, आणि नगरपालिकेचे आठ म्हणजे नऊ. मी यावरही प्रबंधात एक प्रकरण लिहिलं होतं.

खाली गर्दी जमते आहे. रविवारपासून पवित्र आठवडा, आज भोयांची शेवटची तालीम. पालखीचा लाकडी सांगाडा वाळूची पोती लादून चर्चच्या अंगणातून बाहेर काढला आहे. गल्लीतले सगळे बाप्ये कमरेला पट्टे आवळून, डोक्याला जाड फडकी बांधून उभे. मुकादम रोसेन्दो. अंगात काळा सूट. प्लंबरला सूट शोभत नाही.

त्याच दिवशी, रात्री

घडलेलं जसंच्या तसं लिहिते. मी संशोधक आहे.

ट्रक आठला पाच मिनिटं असताना आला. लवकर. या शहरात आजवर कुणी लवकर आलेलं नाही.

कोपऱ्यावर पिवळा दिवा फिरताना कोंचीकाकूंना दिसला. त्या ओरडल्या, ट्रक आला, पोरांनो. बस. पुढचं मी पडद्याआडून पाहिलं. बायका, पोरं, भोई, फेर्मीनची गिऱ्हाइकं हातातला ग्लास खाली ठेवून, सगळे रस्त्यावर. दुसऱ्या रांगेतली एक एक गाडी चालू लागली. इंजिन नाही, आवाज नाही, नुसती माणसं. चर्चचं अंगण रिकामं होतं, पाद्रीबाबांनी फाटक धरून ठेवलं आणि गाड्या एकामागून एक आत. माझी आई ब्रेडवाल्याची गाडी ढकलत होती. बाबा लंगडत पुढे, चाकं सरळ ठेवायला खिडकीतून स्टिअरिंग धरून. मान्य करायला हवं की शिस्त होती.

उरली ऑलिव्ह. ढकलली. हलली नाही.

गाडीची किल्ली माझ्या खिशात होती. खाली जायला एक जिना. पण निरीक्षकाने घटनेत हस्तक्षेप केला तर निष्कर्ष बिघडतात. शिवाय लोकांनी विचारलं असतं, कॅमेरा गळ्यात घालून कुठे निघालीस? म्हणून थांबले. हे थांबणं योग्यच होतं.

कुणीतरी म्हणालं, जाऊ दे, तिचीच आहे, नेऊ दे. रोसेन्दोने आईकडे पाहिलं. आई एप्रनला हात पुसत उभी होती. मग रोसेन्दो ऑलिव्हपाशी गेला आणि टपावर बोटांनी तीन वेळा ठोकलं, पालखीला ठोकतात तसं. भोई चारी बाजूंनी वाकले. तो म्हणाला, सगळे एकदम, माझ्या शूरांनो, आभाळाला न्या.

आणि माझी गाडी वर गेली.

ते तिला छोट्या छोट्या पावलांनी घेऊन निघाले, डुलत, मिरवणुकीसारखे. पोरांनी तोंडाने ढोल वाजवले. फाटकापर्यंत पोहोचायच्या आत ट्रक गल्लीत वळला, म्हणून त्यांनी तिला पदपथावर ठेवलं, दोन संत्र्याच्या झाडांमध्ये. बरोबर मावली. पुढे झाड, मागे झाड, एका बाजूला पेपरच्या टपरीची भिंत, दुसऱ्या बाजूला बाक. टोवाला उतरला. ट्रकचा हात फांद्यांमुळे पोहोचेना. त्याने टोपी काढून डोकं खाजवलं, काचेवर दंडाची पावती चिकटवली आणि गेला.

गल्ली मोकळी. मी फोटो काढला. मोहीम यशस्वी.

३१ मार्च, शुक्रवार

सकाळी गाडी काढायला गेले. झाडांमधून बोटभरही पुढेमागे सरकत नाही. इंजिन लगेच चालू झालं, हे मात्र नोंदवते. काटकसरी, शांत इंजिन. जागच्या जागी.

रोसेन्दो टपरीवर पेपर वाचत होता. मी म्हटलं, काका, ही खाली काढायला हवी, मला आज ऑफिसला वेळेवर पोहोचायचं आहे. आज फार महत्त्वाचं आहे. तो म्हणाला, आज माणसं कामावर गेली आहेत. परवापासून त्यांच्या माना पालखीतल्या देवीच्या आहेत. ईस्टरनंतर बघू. मी म्हटलं, काल तर उचललीत. तो म्हणाला, काल तुझ्या आईसाठी उचलली. तिने आयुष्यभर आमचे जिने पुसले. मग पेपरची घडी घालत विचारलं, फोटो चांगला आला का?

म्हणजे माहीत होतं. कोंचीकाकू बाल्कनीतून म्हणाल्या, जिवा, पडद्याआडून फ्लॅश मारायचा नसतो.

दोन बस बदलल्या. उशीर.

सादरीकरण सुरू झालं होतं. रात्रीच पाठवलेला माझा फोटो मोठ्या पडद्यावर. मोकळी गल्ली, संध्याकाळचा प्रकाश, खरंच सुंदर. नगरपालिकेचा माणूस म्हणाला, एकही गाडी नाही, कमाल आहे. मग पुढे वाकून म्हणाला, ती पदपथावरची हिरवी सोडून. ती झाडांमध्ये कशी घातली? सगळे हसले. विएगासबाई हसल्या नाहीत. आमच्या ऑफिसच्या आवारात त्यांची गाडी माझ्या गाडीशेजारीच लागते. त्यांनी विचारलं, कुणाची आहे? मी म्हटलं, एका शेजाऱ्याची.

नंतर त्यांनी बोलावून घेतलं. म्हणाल्या, अहवाल चांगला लिहिला आहे. पण नोकरी पक्की करता येणार नाही. मी कारण विचारलं. त्यांनी खिडकीतून आवारातल्या रिकाम्या जागेकडे पाहिलं.

कारण मला अजून नीट कळलेलं नाही. कदाचित बजेट.

२ एप्रिल, रविवार

मिरवणूक आमच्या कोपऱ्यावरून गेली. ऑलिव्हच्या बॉनेटवर कोंचीकाकूंची नातवंडं, टपावर कुणाची तरी उशी. तिथून सगळ्यात चांगलं दिसतं म्हणे. मोहराची फुलं काचेवर पडली आहेत, मधे मधे कडू संत्री. आईने पुसायला फडकं नेलं आणि पुसता पुसता सगळ्यांना सांगत होती, माझ्या मुलीची आहे.

नोकरीचं घरी सांगितलेलं नाही. सुट्टी आहे म्हटलं. आठवडा पवित्र आहे, चालून जाईल.

५ एप्रिल, बुधवार

बाबांनी विचारलं नाही. संध्याकाळी माझ्या बाजूला येऊन बसले आणि टीव्हीचा आवाज कमी केला. मी म्हटलं, गुडघा कसा आहे? ते म्हणाले, उरलेला जोर कशावर खर्च करायचा त्यावर अवलंबून आहे. एवढंच. माझ्या पदवीखाली दोघं बसून होतो.

१० एप्रिल, सोमवार

ऑलिव्ह उतरवली. भोयांच्या माना लाल, खांद्यावर गाठी, तरी आले. रोसेन्दोने तीन वेळा ठोकलं. खाली ठेवताना एकाने म्हटलं, देवीपेक्षा जड आहे. दुसरा म्हणाला, देवीला पदवी नाही. मी हसले. सौजन्य म्हणून.

पहिली रांग भरलेली. दुसऱ्या रांगेत लावली, फेर्मीनच्या गाडीला लागून. बटण दाबून धरलं. न्यूट्रल. बंद केली. दार उघडलं तशी ती किंचाळायला लागली. ब्रेक नाही, ब्रेक नाही, ब्रेक नाही. सगळी गल्ली ऐकत होती. दार लावलं. गप्प झाली.

हा पराभव नव्हे. प्रत्यक्ष निरीक्षणासाठी संशोधकाला कधी कधी प्रथेत उतरावं लागतं.

११ एप्रिल, मंगळवार

सकाळी खाली गेले. गाडी नाही.

कोंचीकाकू म्हणाल्या, काळजी नको जिवा. फेर्मीनला पहाटे निघायचं होतं, त्याने पुढे सरकवली. मग ब्रेडवाल्याने. मग शाळेतल्या कुणीतरी. फार हलकी जाते म्हणाले सगळे, नुसत्या बोटाने. औषधाच्या दुकानापलीकडे बघ.

औषधाच्या दुकानापलीकडे नाही. वाटेत रोसेन्दोच्या व्हॅनला एक गाडी अडवून उभी होती, ती ढकलली. सहज गेली. तो म्हणाला, थँक्यू, शेजारीण. मी चर्चमागे पाहिलं, मग शाळेच्या गल्लीत.

अजून सापडलेली नाही. सावकाश शोधते आहे. कुठे पोहोचायचंच नाहीये.